धापेचं मशीन आणि आकड्याचं मशीन

सीओपीडीचा किंवा फुप्फुसाच्या दुसऱ्या कुठल्या जुनाट दुखण्याचा रुग्ण घरात असला, की पलंगाशेजारी हळूहळू दोन मशिनं येतात. आधी नेब्युलायझर, पुढे काही वर्षांनी, गरज पडली तर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. दोन्ही विजेवर चालतात, दोन्ही आवाज करतात आणि दोन्हींच्या नळीचं टोक नाकातोंडाशी जातं. घरात दोघांचंही नाव एकच: मशीन. "आजींना दम लागलाय, मशीन लावा," असं स्वयंपाकघरातून कोणी सांगितलं, तर बाहेर बसलेला नातू नेमकं कोणतं बटण दाबेल याची खात्री नसते.

हा गोंधळ घरापुरता नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या लाटेत ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी लोक वणवण फिरत असताना, नेब्युलायझर लावला की सिलिंडरची गरज नाही असा दावा करणारा एक व्हिडिओ देशभर फिरला. संबंधित रुग्णालयाला लगेच खुलासा करावा लागला की या दाव्यात तथ्य नाही. तथ्य का नव्हतं, हे मशीन उघडून पाहिलं की कळतं.

नेब्युलायझरच्या डब्यात एक छोटा कॉम्प्रेसर असतो, बाकी फारसं काही नाही. तो खोलीतली हवा ओढतो आणि जोराने नळीत ढकलतो. ती हवा कपातल्या तीन-चार मिली औषधाचे बारीक थेंब करते, एक ते पाच मायक्रॉनचे, म्हणजे फुप्फुसाच्या आतल्या नळ्यांपर्यंत पोचतील इतके. बाहेर दिसतं ते धुकं औषधाचं. ती गरम पाण्याची वाफही नव्हे आणि ऑक्सिजनही नव्हे. खोलीतल्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन, तर मास्कमध्येही तेवढाच. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? कपात सहसा साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल असतं, जोडीला इप्राट्रोपियम, आणि काहींना ब्युडेसोनाइड. पहिली दोन आवळलेल्या श्वासनळ्या सैल करतात, आणि इप्राट्रोपियमही तेच करतं, फक्त वेगळ्या वाटेने. ब्युडेसोनाइड सूज उतरवतं, त्याला वेळ लागतो.

कॉन्सन्ट्रेटर औषध देतच नाही. तो खोलीतली हवा झिओलाइट नावाच्या दाणेदार खनिजातून दाबाने नेतो. दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि उरलेली, ९० टक्क्यांच्या वर ऑक्सिजन असलेली हवा नाकातल्या दोन नळकांड्यांमधून रुग्णाला मिळते. आवळलेली श्वासनळी तो सैल करू शकत नाही, कफ पातळ करू शकत नाही. रक्तात ऑक्सिजन कमी पडतोय, तेवढा भरून काढणं एवढंच त्याचं काम.

इथवरचं मेडिकलवालाही सांगेल. घरात खरी ओढाताण सुरू होते ती पुढे, कारण या दोन मशिनांचा गुण दोन वेगळ्या माणसांना दिसतो.

नेब्युलायझरचा गुण रुग्णाला दिसतो. सकाळी सहाला उठल्यापासून छाती भरलेली, चार पावलांवरचं बाथरूम लांब वाटतंय. मास्क लावला, पाच-सात मिनिटांनी कप फुरफुरायला लागला, कुणीतरी टिचकी मारून कडेचे थेंब खाली पाडले, आणि औषध संपता संपता खोकल्याबरोबर कफ सुटला. "हां, आता मोकळं वाटतंय." हे वाक्य ऐकण्यासाठी सांभाळणारा माणूस घरघर सहन करतो. पण तोच माणूस लगेच बोटाला ऑक्सिमीटर (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारा चिमटा) लावतो आणि गोंधळतो: आधी ९१ होता, आताही ९१. कधीकधी तर काही मिनिटांसाठी एखाद्या अंकाने उतरतोही. त्यामुळे औषध वाया गेलं असं होत नाही. नळ्या सैल झाल्या की आत कोंडलेली हवा बाहेर पडते, छातीवरचा ताण उतरतो. आकडा हलायलाच हवा असं नाही.

कॉन्सन्ट्रेटरचं बरोबर उलटं. मुलगा आकडा बघतो: ८४ वरून ९०. त्याचा जीव भांड्यात पडतो. आणि ज्यांच्या नाकात नळी आहे ते वडील म्हणतात, "मला तर काहीच फरक वाटत नाही, काढ ते." दोघंही खोटं बोलत नसतात. धाप लागणं आणि ऑक्सिजन कमी होणं या दोन गोष्टी एकत्र येतात खऱ्या, पण एक नाहीत. ९४ आकडा असलेला माणूस जिन्यावर धापा टाकतो आणि ८५ असलेला शांतपणे पेपर वाचत बसलेला असतो. मला विचाराल तर घरातले निम्मे वाद इथे मिटतील: नेब्युलायझरचं मोजमाप रुग्णाला विचारून करा, कॉन्सन्ट्रेटरचं आकड्यावरून. (बोटं गार असली किंवा नखांना रंग असला तर ऑक्सिमीटरही थापा मारतो, हे लक्षात ठेवून.)

फरक वाटत नाही म्हणून नळी काढून ठेवणं मात्र महागात पडतं. १९८० साली अमेरिकेत आणि १९८१ साली ब्रिटनमध्ये झालेल्या दोन चाचण्यांनी दाखवलं, की रक्तातला ऑक्सिजन फारच कमी असलेल्या सीओपीडीच्या रुग्णांनी तो दिवसातले बरेच तास घेतला तर आयुष्य वाढतं. दिवसाला किमान १५ तास हा नियम तिथूनच आला. त्यात झोपेचे तास धरायचे. दम लागला की अर्धा तास लावायचा आणि मग बंद, ही पद्धत बहुतेक घरांत दिसते. ती नेब्युलायझरची सवय आहे, चुकून दुसऱ्या मशिनाला लागलेली. दुसऱ्या बाजूने, आकडा थोडासाच कमी असेल तर घरच्या ऑक्सिजनने आयुष्य वाढत नाही आणि इस्पितळात भरती होणंही टळत नाही, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत दिसलं. म्हणजे शेजाऱ्यांनी घेतला म्हणून घ्यायची ही वस्तू नाही. बसून असताना ८८ किंवा त्याखाली, तोही तब्येत स्थिर असताना आणि डॉक्टरांनी रक्तातले वायू तपासून, असा तो हिशेब आहे.

दोन्ही मशिनांबद्दलची भीतीसुद्धा वेगळी. नेब्युलायझरची सवय लागेल, असं घरोघरी म्हणतात. सवय औषधाची लागत नाही. दुखणंच जुनाट असतं, म्हणून औषध रोज लागतं. हात थरथरणं, छातीत धडधडणं हे मात्र खरं, आणि त्याबद्दल रुग्ण तक्रार करतात तेव्हा ऐकून घ्यावं. ऑक्सिजनची भीती जास्त खोल असते. "ऑक्सिजनवर आहेत" या शब्दांना आपल्याकडे शेवटच्या दिवसांचा वास आहे. पाहुणे आले की नळी उशीखाली जाते. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या, कधी बिडीला हात न लावलेल्या बायकांना तर हे सगळं आपल्याच वाट्याला का, हेच कळत नाही.

सांभाळणाऱ्यांच्या वाट्याला येतं ते कामही सारखं नाही. नेब्युलायझरला रोजची झीज हाताची: प्रत्येक वेळी कप आणि मास्क धुवायचा, झटकून स्वच्छ कापडावर वाळवायचा, नाहीतर ओल्या कपात जंतू वाढतात आणि पुढच्या वेळी थेट छातीत जातात. ब्युडेसोनाइड असेल तर नंतर चूळ भरायला लावायची, चेहरा पुसायचा. काचबिंदू असलेल्यांना मास्कऐवजी तोंडात धरायची नळी बरी, इप्राट्रोपियम डोळ्यांत जाऊ नये म्हणून. कॉन्सन्ट्रेटरला हाताचं काम कमी, फिल्टर धुणं आणि बाटलीतलं पाणी बदलणं एवढंच. पण तो वीज खातो. मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन देणारं मशीन साधारण ३५० वॉटचं. १५ तास चाललं तर दिवसाला पाच युनिट, महिन्याला दीडशेच्या वर. लाइट गेली की नेब्युलायझर थांबू शकतो, कॉन्सन्ट्रेटर थांबू शकत नाही, म्हणून कोपऱ्यात एक भरलेला सिलिंडर लागतोच. आणि त्या खोलीत निरांजन, उदबत्ती, विडी काहीही नको. देवघर त्याच खोलीत असेल तर आधी देवघर हलवा.

एक धोका अगदी प्रेमापोटी होतो. आकडा ९० दिसतोय, तर ९८ का नको, म्हणून रात्री कुणीतरी कॉन्सन्ट्रेटरची गोल चकती दोन लिटरवरून चारवर फिरवतं. सीओपीडीच्या काही रुग्णांत जास्त ऑक्सिजनने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. सकाळी डोकं दुखतं, माणूस गुंगीत जातो, असंबद्ध बोलतो, आणि आकडा मात्र छान दिसत असतो. म्हणून अशांसाठी ८८ ते ९२ हेच लक्ष्य धरतात. नेब्युलायझरची नळी कॉन्सन्ट्रेटरला जोडण्याचा जुगाडही करू नये; बहुतेक घरगुती मशिनांत तेवढा दाबच नसतो, धुकं नीट होत नाही.

नेब्युलायझर तरी सगळ्यांना लागतो का? नाही. हात स्थिर असतील आणि कोणी नीट शिकवलं असेल, तर स्पेसर (औषधाचा फवारा धरून ठेवणारी पोकळ नळी) लावलेला इन्हेलरचा पंप बहुतेकांना तेवढाच गुण देतो, तोही विजेशिवाय आणि प्रवासात. दोन्ही मशिनं चालू असतानाही धाप राहते, अशा वेळी चेहऱ्यावर छोट्या पंख्याची हवा आणि ओठांचा चंबू करून सावकाश सोडलेला श्वास, हे दोन उपाय खरंच कामी येतात. पण एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळे पडलेत, माणूस पेंगतोय किंवा नेब्युलायझरचा परिणाम चार तासही टिकत नाही, तर तिसऱ्यांदा कप भरत बसू नका. १०८ ला फोन करा आणि "मशीन लावलंय" एवढंच सांगून थांबू नका: कोणतं औषध किती वाजता दिलं, आणि ऑक्सिजन किती लिटरवर चालू आहे, हे दोन्ही वेगवेगळं सांगा.