बॉल जॉइंट, पुढील (ऑफ-रोड वाहन) : झीज, निदान आणि बदल

पुढच्या चाकाला एकाच वेळी दोन हालचाली कराव्या लागतात : खड्ड्यासरशी वरखाली व्हायचे आणि स्टिअरिंगसरशी डावी-उजवीकडे वळायचे. या हालचाली ज्या सांध्यावर तोलल्या जातात तो बॉल जॉइंट. माणसाच्या खुब्यात असतो तसाच हा उखळीचा सांधा आहे. पोलादी गोळा वाटीत बसतो, गोळ्याचा निमुळता दांडा बाहेर येऊन नकलच्या (चाक ज्यावर बसते आणि वळते तो भाग) किंवा आर्मच्या (चाकाला चासीशी जोडणारा दांडा) निमुळत्या भोकात नटाने आवळला जातो आणि आतले ग्रीस रबरी बूट, म्हणजे सांध्यावरचे रबरी आवरण, राखतो. सांध्याचे आयुष्य या बुटावर अवलंबून असते. बूट फाटला की पाणी आणि बारीक वाळू आत शिरते, ग्रीसमध्ये मिसळते आणि गोळा-वाटी एकमेकांना घासू लागतात.

मोटारींत हा सांधा तुलनेने उशिरा आला. आधी चाक किंगपिनभोवती, म्हणजे एका जाड उभ्या खिळीभोवती, फिरे. अमेरिकेत लिंकन मोटारींना 1952 मध्ये आणि फोर्ड व मर्क्युरीला 1954 मध्ये पुढे बॉल जॉइंट बसू लागले. जीपच्या सीजे मालिकेत 1972 च्या सुमारास डाना 30 ॲक्सलबरोबर ते आले. सगळ्याच ऑफ-रोड गाड्यांनी मात्र ते स्वीकारले नाहीत. टोयोटा लँड क्रूझर 70 मालिका आणि सुझुकी जिम्नी यांच्या सलग (दोन्ही चाकांना एकाच कडक तुळईने जोडणाऱ्या) पुढच्या ॲक्सलवर नकल आजही किंगपिन बेअरिंगवर फिरते. अशा गाडीत चाक हलत असेल तर दोष बेअरिंगमध्ये शोधावा लागतो. त्यामुळे आपल्या गाडीत कोणती रचना आहे ही पहिली खात्री.

भार कोण वाहतो. निदानातल्या बहुतेक चुका हा प्रश्न न विचारल्यामुळे होतात. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये प्रत्येक चाकाला वरचा आणि खालचा आर्म असतो. स्प्रिंग किंवा टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करणारा दांडा) खालच्या आर्मवर असेल तर गाडीचे वजन खालचा जॉइंट पेलतो आणि वरचा फक्त चाक सरळ धरतो. स्प्रिंग वरच्या आर्मवर असेल तर हे उलट होते. सलग ॲक्सलवर दोन्ही जॉइंट ॲक्सलच्या सी-आकाराच्या टोकात किंवा नकलमध्ये दाबून बसवलेले असतात आणि वजनाचा मोठा वाटा सहसा खालचा घेतो. भाराखाली दबलेला सांधा घट्ट वाटतो. गोळा वाटीच्या एका बाजूला रुतलेला असल्याने कितीही हलवले तरी ढिलेपणा हाताला लागत नाही. म्हणून तपासणीपूर्वी तो सांधा भारमुक्त करणे अपरिहार्य आहे.

लक्षणे. खडबडीत रस्त्यावर किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवताना पुढून ‘टक’ असा आवाज येतो. सरळ रस्त्यावर गाडी इकडेतिकडे ओढली जाते आणि सतत सावरावी लागते. टायरची एक कड दुसरीपेक्षा लवकर झिजते. वळताना कुरकुर ऐकू आली तर आत ग्रीस उरलेले नाही असे समजावे. सलग ॲक्सलच्या गाड्यांत एखाद्या धक्क्यानंतर सगळे स्टिअरिंग जोराने थरथरू लागते, त्याला चालक ‘डेथ वॉबल’ म्हणतात. त्यात झिजलेल्या बॉल जॉइंटचा हात असू शकतो, पण ट्रॅक बारची (ॲक्सलला आडवे सरकू न देणारा दांडा) बुश, टाय रॉडची (स्टिअरिंगची हालचाल चाकाला देणारा दांडा) टोके आणि टायरचे बॅलन्स आधी तपासावेत. थरथर दिसली की लगेच बॉल जॉइंट बदलायला घेणे म्हणजे बरेचदा वेळ वाया घालवणे होय.

ऑफ-रोड वापरात झीज लवकर होते, आणि ती केवळ चिखलामुळे नाही. मोठा, जड टायर आणि बाहेर काढलेली रिम यांमुळे चाकाचा मध्य सांध्यापासून दूर जातो. दगडावर बसलेला तोच धक्का लांब तरफेतून सांध्यावर येतो. स्वतंत्र सस्पेन्शनची गाडी उंच केली की वरच्या आर्मचा कोन तीव्र होतो आणि चाक पूर्ण खाली लोंबकळताना दांडा वाटीच्या कडेला टेकू लागतो. असे झाले तर नवा जॉइंटही टिकत नाही. तेथे त्या उंचीसाठी बनवलेला वरचा आर्म घालणे हाच इलाज आहे.

तपासणी. गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करून मागच्या चाकांना अडथळे लावावेत. स्प्रिंग खालच्या आर्मवर असल्यास जॅक त्याच आर्मखाली, जॉइंटच्या शक्य तितक्या जवळ लावावा. स्प्रिंग वरच्या आर्मवर असल्यास चासी उचलावी. सलग ॲक्सलला जॅक ॲक्सलखाली. चाक जमिनीपासून थोडेच सुटले पाहिजे. आता टायरखाली पहार घालून चाक वर उचलावे आणि सोडावे. त्याच वेळी दुसऱ्याने टायरकडे न बघता जॉइंटवर नजर ठेवावी, शक्य असेल तर बोटही. दांडा आणि वाटी यांच्यात उभी हालचाल दिसली तर झीज आहे. मग चाक घड्याळातील बारा आणि सहाच्या जागी धरून आतबाहेर हलवावे. येथे हब बेअरिंगचा (चाक ज्यावर फिरते त्या मधल्या भागाचे बेअरिंग) ढिलेपणाही तसाच जाणवतो, म्हणून सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबताच हालचाल थांबली तर दोष बेअरिंगचा. तरीही नकल आणि ॲक्सलचे टोक यांच्यात हालचाल राहिली तर बॉल जॉइंटचा. तीन आणि नऊच्या जागी धरल्यावर खेळ (ढिलेपणा) जाणवला तर टाय रॉडची टोके आणि बेअरिंग तपासावेत.

किती ढिलेपणा चालतो याचा आकडा सगळ्या गाड्यांना एक नाही. काही जॉइंटना उभा खेळ अजिबात मान्य नसतो, काहींना थोडा असतो. म्हणून गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील मर्यादा डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे घड्याळी माप) लावून पडताळावी. काही जॉइंटवर झीजसूचक असतो : ग्रीस निपलभोवतीची (ग्रीस भरण्याची तोटी) गोल उंची नव्या जॉइंटमध्ये सुमारे 1.27 मिमी बाहेर असते आणि ती तळाशी सपाट झाली की जॉइंट संपला. हा सूचक मात्र गाडीचे वजन चाकांवर असतानाच पाहायचा.

बदल. सर्वांत मोठा धोका स्प्रिंगचा. खालच्या आर्मवर स्प्रिंग असेल आणि आर्मखाली भक्कम आधार न देता जॉइंट सोडवला, तर दबलेली स्प्रिंग आर्म खाली भिरकावते. त्या ठिकाणी हात असेल तर दुखापत जबर होते. टॉर्शन बार आधी ढिला करावा. गाडी स्टँडवर ठेवावी. केवळ जॅकवर कधीही नाही.

ॲक्सलचा मधला नट गाडी जमिनीवर असतानाच ढिला करतात. त्यानंतर चाक, ब्रेकचा कॅलिपर (डिस्क चिमटणारा भाग) आणि डिस्क काढावी. कॅलिपर तारेने टांगावा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नये. एबीएसची वायर आणि टाय रॉड सोडवून हब काढावा. सलग ॲक्सलमध्ये ॲक्सल शाफ्ट बाहेर ओढावा लागतो. तो अलगद काढावा, कारण आतील ऑइल सील खरचटले तर डिफरन्शियलचे तेल गळू लागते. जॉइंटचे नट स्प्लिट पिना काढून काही आटे ढिले करावेत, पण दांड्यावरच राहू द्यावेत, म्हणजे नकल एकदम खाली पडत नाही. मग निमुळत्या भोकाच्या बाजूला नकलवर जड हातोड्याचे दोन-चार ठोके दिले की पकड सुटते. ॲल्युमिनियमच्या नकलवर हातोडा नको, तेथे पुलर वापरावा. दुभंगी टोकाची पाचर बूट फाडते. जॉइंट टाकूनच द्यायचा असेल तरच ती चालेल.

दाबून बसवलेला जॉइंट सी-आकाराच्या प्रेसने काढतात. सर्क्लिप (जॉइंट जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी) आधी काढली का, हे दोनदा पाहावे. ती राहिली की प्रेस वाकते. गंजलेल्या जागी आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल सोडावे. नवा जॉइंट बसवण्यापूर्वी भोक वायर ब्रशने चमकेपर्यंत साफ करावे. प्रेसचा दाब जॉइंटच्या बाहेरील कडेवर आला पाहिजे, दांड्यावर किंवा मधल्या झाकणावर नाही. जॉइंट तिरका शिरू लागला तर थांबून पुन्हा सरळ धरावा. हाताच्या जोराने सहज आत गेला तर भोकच झिजलेले आहे आणि त्यात नवा जॉइंट टिकणार नाही. काही वरचे आर्म रिव्हेट केलेल्या जॉइंटसह येतात. ते रिव्हेट ड्रिलने कापून नवा जॉइंट सोबत दिलेल्या बोल्टनी बसवतात. काहींत पूर्ण आर्मच बदलावा लागतो.

निमुळते दांडे कोरडे आणि स्वच्छ बसवावेत. नट मॅन्युअलमधील टॉर्कला आवळावेत. भोक स्प्लिट पिनच्या ओळीत आले नाही तर नट आणखी घट्ट करावा, मागे कधीच फिरवू नये. पिना नव्या वापराव्यात. निपल असलेला जॉइंट असेल तर बूट थोडा फुगेपर्यंत ग्रीस भरावे. जास्त भरल्यास बूट फाटतो. एका बाजूचा जॉइंट झिजला असेल तर दुसऱ्या बाजूचाही सहसा त्याच वेळी बदलणे बरे, कारण दोघांनी सारखाच मारा सोसलेला असतो.

हब, शाफ्ट आणि ब्रेक परत लागल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून ब्रेकचा पाइप कोठे ताणत नाही ना हे पाहावे. चाकाचे नट पहिल्या 50 ते 100 किमीनंतर पुन्हा तपासावेत. चाकांचे अलाइनमेंट (कोन जुळवणे) करून घ्यावे लागते. सलग ॲक्सलवर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) सुधारण्यासाठी काही गाड्यांत वरच्या जॉइंटभोवती एककेंद्री नसलेली बुश बसते. जुनी काढताना तिची दिशा खूण करून ठेवली तर नवी तेथेच बसवता येते.