बाहेरून दाब येणाऱ्या पाइपची जाडी : ऑर्डर देण्यापूर्वी वाचा

ग्राहकमित्रहो,

वडोदऱ्यातल्या मकरपुऱ्याच्या आमच्या वर्कशॉपमध्ये येणाऱ्या चौकशीत बहुधा पाइपचा व्यास आणि आतला दाब एवढेच लिहिलेले असते. लाइन व्हॅक्यूमची असेल किंवा पाइपला बाहेरून स्टीम जॅकेट (वाफेचे आवरण) असेल, तर तेवढ्याने भागत नाही. असा पाइप फुटत नाही, चेपतो.

आतला दाब पाइपला ताणून गोलच ठेवतो, तिथे पोलादाची ताकद उपयोगी पडते. बाहेरच्या दाबाने मात्र तो चपटा व्हायला बघतो, आणि पातळ पाइपला तेव्हा ताठपणाच वाचवतो. महागडा ग्रेड घेऊन जाडी कमी करू, असे काही ग्राहक म्हणतात. पैसे वाया जातील. कार्बन स्टीलचा ग्रेड बदलला तरी यंग मॉड्युलस (ताठपणाचे माप) जवळजवळ तोच राहतो, चौरस मिमीला सुमारे २ लाख न्यूटन.

लांब, पातळ पोलादी पाइपसाठी ढोबळ सूत्र असे :

चेपण्याचा दाब = २.२ × यंग मॉड्युलस × (जाडी ÷ व्यास)³

त्यातला घन बघा. जाडी निम्मी केलीत तर पाइप आठव्या हिश्श्याच्या दाबालाच बसेल.

समजा पाइप ३०० एनबी (नॉमिनल बोअर, पाइपचा नाममात्र आकार), म्हणजे बाहेरून ३२३.९ मिमी, आणि आत पूर्ण व्हॅक्यूम. बाहेरून हवेचा दाब चौरस मिमीला ०.१०१३ न्यूटन. एएसएमई (अमेरिकन यंत्र-अभियंत्यांची संस्था) कोडप्रमाणे सुरक्षिततेसाठी त्याच्या तिप्पट धरला, की जाडी येते २.९ मिमी. एवढाच दाब आतून असता तर पाव मिमीही लागली नसती! त्यात गंजासाठी १.५ मिमी मिळवा, झाले ४.४. सीमलेस (बिनजोडाचा) पाइप मिलमधूनच १२.५ टक्क्यांपर्यंत पातळ येऊ शकतो, म्हणून ०.८७५ ने भागा : सुमारे ५ मिमी. सहज मिळणारी पुढची जाडी शेड्यूल २० ची (शेड्यूल म्हणजे जाडीचा ठरावीक वर्ग), ६.३५ मिमी.

वजन परवडत नसेल तर बाहेरून स्टिफनर रिंगा (ताठपणा देणारी कडी) लावता येतात. मात्र वरच्या पाइपला त्या साधारण पावणेचार मीटरच्या आत हव्यात. दहा मीटरवर एक रिंग लावून काही साधत नाही.

सूत्र पाइप गोल आहे असे धरून चालते. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान व्यासातला फरक १ टक्क्याच्या आत हवा, ३०० एनबीला जेमतेम ३ मिमी. ट्रकवरून उतरवताना आपटून पोचा पडलेला पाइप या कामाला घेऊ नका, आम्हीही देत नाही.

‘आमच्या लाइनमध्ये व्हॅक्यूम नसतोच,’ हे नंदेसरीकडच्या केमिकल कारखान्यांतून नेहमी ऐकू येते. लाइन वाफेने धुता ना? वाफ भरलेली असताना दोन्ही व्हॉल्व्ह बंद झाले आणि लाइन गार झाली, की वाफेचे पाणी होते, आकारमान सुमारे सोळाशे पटींनी घटते आणि व्हॅक्यूम आपोआप तयार होतो. तिथे व्हॅक्यूम ब्रेकर (व्हॅक्यूम होताच हवा आत घेणारा व्हॉल्व्ह) बसवा, किंवा जाडीच पूर्ण व्हॅक्यूमची घ्या. जॅकेटमध्ये ६ बारची वाफ आणि आत व्हॅक्यूम असेल, तर हिशेब ७ बारचा, कारण व्हॅक्यूमचा सुमारे १ बार त्यात मिळतो.

चौकशी पाठवताना आतला-बाहेरचा दाब, तापमान (गरम पोलादाचा ताठपणा कमी होतो), फ्लँजमधली (पाइप जोडायच्या चकत्यांमधली) अंतरे आणि गंजासाठी किती मिमी धरायचे, हे जरूर लिहा. नेमकी जाडी आम्ही कोडमधल्या तक्त्यांवरून काढतो आणि हिशेबाचा कागद कोटेशनला जोडतो.