मे महिन्यातली चिडचिड, घाम आणि आमचा कूलर

मे महिना आला की आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरात आवाज चढायला लागतात. कारण काही मोठं नसतं, कोणीतरी फ्रिजमध्ये रिकामी बाटली परत ठेवलेली असते नाहीतर लाईट गेलेली असते. मला वाटायचं आपला स्वभावच तापट. मग दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या आत्येभावाने प्रेमाने कूलर आणून दिला, वारा मस्त यायचा, पण तासाभरात उशीची खोळ ओलसर, अंग चिकट, आणि आई म्हणाली, "बंद कर रे तो, त्यापेक्षा पंखा बरा." असं का होतं ते तेव्हा मी वाचायला घेतलं.

नागपूरला पारा 44-45 ला जातो, आपल्या पणजीत मे मध्ये 33-34 च्या आसपास, तरी जीव नकोसा होतो. कारण नुसता घाम येऊन गार वाटत नाही, तो वाळावा लागतो. एक लिटर घाम अंगावरच पूर्ण वाळला तर जवळपास 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. आपल्या हवेत आधीच इतकी वाफ आहे की घाम वाळायच्या ऐवजी निथळून जातो, म्हणजे पाणी गेलं, मीठ गेलं आणि गारवा मिळालाच नाही. कूलरचं पण तेच, तो पाणी वाळवूनच हवा गार करतो, ते कोरड्या नागपुरात जमतं, इथे खोलीतला दमटपणा तेवढा वाढतो.

मग शरीर दुसरा उपाय करतं, उष्णता बाहेर टाकायला कातडीकडे जास्त रक्त पाठवतं, त्यासाठी हृदयाचे ठोके वाढतात. आता बघा, टेन्शन आलं की काय होतं? ठोके वाढतात, घाम फुटतो. म्हणजे काही घडायच्या आधीच शरीर अर्ध्या वाटेवर असतं, त्यात कंडक्टरने सुट्ट्यावरून एक शब्द बोलला की भडका उडतो. पाणी कमी पडलं तर लक्ष लागत नाही आणि मूड जातो तो वेगळाच.

पण मला विचाराल तर खरा घात रात्री होतो. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं आणि आपल्याकडे मे मधली रात्रसुद्धा 26-27 च्या खाली फारशी येत नाही. झोप मोडली की मेंदूतला भीती-रागाचा भाग जास्त पेटतो आणि त्याला आवरणारा पुढचा भाग ढिला पडतो, मग सकाळी चहा सांडला तरी डोळ्यात पाणी येतं.

झोपायच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने आंघोळ करून बघा, थंड नको. थंड पाण्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आखडतात, कोमटाने मोकळ्या होतात आणि आतली उष्णता बाहेर पडते. दिवसा मीठ घातलेली पेज, तिवळ (कोकमाचं पेय), निरो (काजूच्या बोंडांचा ताजा रस), काहीही चालेल. हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या दारूचा सीझन आहे हे मान्य, पण दारूने लघवी वाढते, पाणी कमी होतं आणि मध्यरात्री झोप मोडते. राग आलाच तर श्वास हळू सोडा, मिनिटाला सहाच्या आसपास, ठोके खरंच उतरतात. बीपीच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर उन्हाळ्याबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारा, काही गोळ्यांचा परिणाम घामाने बदलतो. उन्हात कोणी असंबद्ध बोलायला लागलं तर तो राग समजू नका, सावलीत न्या, अंगावर पाणी घाला, 108 ला फोन लावा. आणि मन आठवडेच्या आठवडे जड असेल तर 14416 ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन आहे, फुकट आहे.

दुपारी इथली दुकानं बंद होतात त्याला बाहेरचे लोक आळस म्हणतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. सगळ्यात उकाड्याच्या वेळी काम थांबवून अर्धा तास पडणं हे शरीराला धरूनच आहे, फक्त झोप लांबवू नये, नाहीतर रात्रीची जाते.

यंदा आत्येभाऊ पोरांना घेऊन मे मध्ये येतोय. त्याला फोनवर सांगून ठेवलंय, दुपारी 1 ते 4 कुठे फिरायचं नाही, आणि रात्री आंघोळीला गिझर लावणार, हसू नको.