आधी घोषणा की आधी शिकवण? सोलापूरच्या ख्रिस्ती उपदेशाची पार्श्वभूमी

रविवारची उपासना सुटली की चर्चच्या दारात विचारलं जातं, ‘आजचा संदेश कसा वाटला?’ शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात काय झालं, हे मात्र फक्त मुलांना विचारतात. घोषणा आणि शिकवण यांची ही वाटणी फार जुनी आहे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू शिष्यांना सुवार्तेची घोषणा करायला सांगतो. मत्तयाच्या शेवटी तोच त्यांना लोकांना शिष्य करायला आणि शिकवायला सांगतो. घोषणेला ग्रीक शब्द ‘केरिग्मा’, शिकवणीला ‘दिदाखे’. पुढे प्रत्येक काळाने यांतल्या कुठल्या तरी एकावर जास्त भर दिला. जर्मन धर्मसुधारक लूथरने १५२९ मध्ये घरच्या कर्त्यांच्या हातात ख्रिस्ती शिकवणीची छोटी प्रश्नोत्तरावली ठेवली. १७८० मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्सने आठवडाभर राबणाऱ्या पोरांसाठी रविवारची शाळा काढली, तिथे बायबलबरोबर अक्षरओळखही होती.

सोलापुरात हे दोन्ही प्रवाह अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट धर्मप्रचारक संस्थेबरोबर आले. मिशन १८१३ मध्ये मुंबईत उतरलं, १८३१ मध्ये अहमदनगरला स्थिरावलं. १८६० मध्ये सोलापूरपर्यंत आगगाडी आली आणि त्यानंतर लवकरच चार्ल्स हार्डिंग यांनी इथलं काम सुरू केलं. ही मंडळी काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक चर्चने आपला कारभार आपणच पाहायच्या परंपरेतली. उपासनेचा कणा म्हणजे प्रवचन: एक वचन घ्यायचं, मुद्दे पाडायचे, शेवटी श्रोत्याच्या आयुष्याला लावून दाखवायचं. शिकलेल्या मंडळीसमोर हे शोभतं. आठवडी बाजारात, जिथे बहुतेकांना वाचता येत नाही आणि शेजारी बैलांचा सौदा चाललाय, तिथे तिसऱ्या मुद्द्यापर्यंत थांबणार कोण? म्हणून शाळा निघाल्या आणि बायबल बाया, म्हणजे बायबल वाचून दाखवणाऱ्या ख्रिस्ती स्त्रिया, घरोघर जाऊ लागल्या. परक्या पुरुषाला जिथे उंबरठा ओलांडता येत नव्हता, तिथे त्या माजघरात बसून वचन वाचून दाखवत. उपदेशाच्या इतिहासात त्यांना एखादी ओळ मिळते, हा अन्यायच म्हणायचा.

पण खरी वाट सापडली ती कीर्तनात. पंढरपूर याच जिल्ह्यातलं. कीर्तन कसं ऐकायचं हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नव्हतं. १८६० च्या दशकात अहमदनगरकडे ख्रिस्ती कीर्तनाला सुरुवात झाली आणि कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या कीर्तनकारांनी ते गावोगाव नेलं. नारदीय कीर्तनाचा साचा तोच ठेवला: पूर्वरंगात वचनाचं निरूपण, उत्तररंगात आख्यान, मग ते उधळ्या पुत्राचं असो की योसेफाचं. मला वाटतं, घोषणा आणि शिकवण यांचं भांडण इथे आपोआप मिटलं. पूर्वरंगात डोकं कामाला लागतं, उत्तररंगात डोळ्यांत पाणी येतं, आणि दोन्हींना पेटी-मृदंगाची साथ.

मराठी छंदात ख्रिस्तकथा सांगण्याचा मान मात्र गोव्याकडे जातो. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्येच छापलं गेलं होतं, तेही रोमन लिपीत! १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी ही नाळ अभंगाशी जोडली. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाचा मराठी विभाग पाहत होते आणि १९१९ मध्ये वारले. त्यांची पदं आजही मराठी उपासनेत गायली जातात.

सोलापुरात आणखी एक पेच होता. १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी सुरू झाली, शहर वाढलं आणि मराठीच्या जोडीला तेलुगू-कन्नड बोलणाऱ्या वस्त्या फुगल्या. एका भाषेतल्या प्रवचनाने सगळं शहर गाठता येईना.

कॅथलिकांची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे शिकवणीची घडी पक्की, पण मिस्सा, म्हणजे त्यांची मुख्य उपासना, लॅटिनमध्ये. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेला वाट मोकळी केली, आणि तिच्या निर्णयांना धरून १९६९ मध्ये रोमने रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र ठरवून दिलं. धर्मगुरूने कशावर बोलायचं हे त्यामुळे बहुतांशी आधीच ठरलेलं असतं. अमेरिकन मिशनच्या मंडळ्या, म्हणजे स्थानिक चर्चं, १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ या संयुक्त प्रोटेस्टंट चर्चमध्ये आल्या. स्वतंत्र मंडळ्यांत मात्र वचन पाळकसाहेबच निवडतात, आणि कुठला पाळक कुठल्या वचनावर पुन्हा पुन्हा येतो, हे मागच्या बाकावरच्या आजीबाईंना पाठ असतं.