नाचणी हरळीच्या घरची

ज्वारी, बाजरी, नाचणी ही नावं आपण एका दमात घेतो. तिन्ही भरडधान्यं, तिन्हींची भाकरी होते. पण गवतांच्या वंशावळीत नाचणी त्या दोघींपासून बरीच लांब बसते. ती आहे हरळीच्या घरची, म्हणजे गणपतीला वाहतो त्या दूर्वांच्या उपकुळातली. ज्वारीचे जवळचे नातलग ऊस आणि मका. उसासारखाच पेरापेरांनी वाढणारा बांबू मात्र गहू-भाताच्या फांदीवर आहे.

ही नाती डोळ्यांना दिसत नाहीत. गवतकुळात ११ हजारांहून जास्त जाती आहेत आणि बहुतेकींचं परागण वारा करतो, त्यामुळे पाकळ्या, रंग, गंध यांतलं ओळखीला काहीच नाही. जुने अभ्यासक भिंगाखाली कणसांतली बारीक तुसं मोजत बसायचे. त्यांनी केलेलं काम थक्क करणारं आहे, पण सारख्या परिस्थितीत वाढणारी परकी गवतंही एकमेकांसारखी दिसू लागतात, तिथे भिंगाचा इलाज चालत नाही.

मग पानातल्या हरितलवकाकडे, म्हणजे पेशीतल्या अन्न तयार करणाऱ्या हिरव्या कणाकडे लक्ष गेलं. त्याचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो. भाताच्या हरितलवकाचा संपूर्ण क्रम १९८९ मध्ये वाचला गेला, तो सुमारे १ लाख ३४ हजार अक्षरांचा. तंबाखूच्या हरितलवकाशी ताडून पाहिल्यावर गवतांत तीन तुकडे उलटे लागलेले दिसले. पोथीची नक्कल करताना पानांचा एक गठ्ठा उलटा लागला, तर त्या प्रतीवरून उतरवलेल्या पुढच्या सगळ्या नकलांत तो तसाच जाईल. तसंच हे. अशी उलटापालट क्वचितच घडते, त्यामुळे ती ज्यांच्यात सापडते त्यांचा पूर्वज एकच, असं बऱ्याच विश्वासानं म्हणता येतं.

१९९२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हे तिन्ही तुकडे शेजारच्या कुळांत शोधले. सगळ्यांत मोठी, २८ हजार अक्षरांची उलटापालट गवतांखेरीज आणखी मोजक्या कुळांत मिळाली. मधली, सुमारे ६ हजारांची, गवतांत आणि पॅसिफिक बेटांकडच्या जॉइनव्हिलिया या अनोळखी वनस्पतीत. सगळ्यांत छोटी फक्त गवतांत. एकेक पायरी उतरत गवतांचा जन्म कुठल्या फांदीवर झाला ते असं उलगडत गेलं. दिसायला गवतच वाटणाऱ्या लव्हाळ्यात मात्र यातली मोठी खूणही नाही. मला हा शोध फार आवडतो, कारण यात क्लिष्ट गणिताआधी साधं, नेमकं निरीक्षण आहे.

पुढे अनेक देशांतल्या अभ्यासकांनी एकत्र येऊन २०१२ मध्ये हरितलवकातल्या तीन जनुकांवरून ५३१ गवतांचा वंशवृक्ष मांडला. कडक उन्हात, कमी पाण्यावर अन्न तयार करण्याची सी-४ पद्धत गवतांत २२ ते २४ वेळा स्वतंत्रपणे उपजली, हे त्यातून पुढे आलं. ज्वारी, बाजरी आणि नाचणी यांच्या पूर्वजांनी ती वेगवेगळी कमावली.

पण हरितलवक गवतांत बहुधा आईकडूनच येतं, म्हणून ते अर्धीच हकीकत सांगतं. खपली गव्हाचंच पाहा. दोन निरनिराळ्या गवतांच्या संकरातून आलेली त्याची २८ गुणसूत्रं. त्यात आणखी एका रानगवताची भर पडून आपल्या चपातीचा ४२ गुणसूत्रांचा गहू झाला. हरितलवक पाहिलं तर तिघांतली एकच बाजू कळते. बाकीच्या दोघांसाठी पेशीकेंद्रातली जनुकं वाचावी लागतात. आता शेकडो जनुकं एकदम वाचून तेच काम चाललं आहे.

कोण कोणाचं हे डीएनए सांगतो, केव्हापासूनचं हे एकटा सांगू शकत नाही. त्यासाठी वय माहीत असलेला जीवाश्म लागतो, आणि त्यातला एक फार मोलाचा चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्यात मिळाला. तिथल्या डायनोसॉरच्या अश्मीभूत शेणात गवताचे सिलिकाचे सूक्ष्म कण आहेत, असं वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं. वय सुमारे साडेसहा कोटी वर्षांहून जास्त. तोवर गवतं डायनोसॉरनंतरची, अशीच सर्वसाधारण समजूत होती. काही कण तर भाताच्या गटातल्या गवतांशी जुळतात. ते वंशवृक्षावर नेमके कुठे बसवायचे, यावर अजून वाद आहे. ते धरले तर गवतांचा उगम बराच मागे जातो, वगळले तर पुष्कळ अलीकडे येतो.