वाहक पॉलिमर आणि अर्धवाहक नॅनोकण: जीवाणू नेमके कशाने मरतात?

पॉलिॲनिलीन (वीज वाहणारे पॉलिमर) आणि झिंक ऑक्साइड (अर्धवाहक) यांचे संमिश्र जीवाणूंना रोखते असे वाचले की विजेमुळेच ते मरत असावेत, असा समज सहज होतो. शिवाजी विद्यापीठात नॅनोविज्ञानाचा स्वतंत्र विभाग असलेल्या कोल्हापुरात असे प्रकल्प हाती घेणाऱ्यांनी तरी या दोन घटकांची कामे वेगळी ओळखायला हवीत.

पॉलिॲनिलीनला आम्ल मिळाले की त्याच्या साखळीतील नायट्रोजनवर धनभार येतो, रंग हिरवा होतो आणि ते वीज वाहू लागते. जीवाणूंच्या आवरणावर ऋणभार असल्याने ही साखळी त्यांना चिकटते आणि आवरण विस्कटते, असे मानले जाते. शिवाय उरलेले आम्ल आणि छोटे रेणू बाहेर झिरपून आपला वाटा उचलतात. वाहकता आणि मारकता एकाच धनभारातून येत असल्या, तरी पहिलीमुळे दुसरी येते असे म्हणता येत नाही. हिरव्या पुडीवर अमोनियाचे पाणी टाकले की ती निळी पडते आणि वाहकता जवळपास संपते. जीवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमाचा, म्हणजे अगारचा, सामू (pH) साधारण ७ असतो, म्हणजे चाचणीच्या थाळीतही हा धनभार हळूहळू उतरतोच.

झिंक ऑक्साइडला मात्र प्रकाश लागतो. त्याची ऊर्जादरी (इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी किमान ऊर्जा) सुमारे ३.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट असल्याने साधारण ३७५ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीच्या अतिनील किरणांनीच इलेक्ट्रॉन उसळतो, आणि पाणी व ऑक्सिजन यांच्याशी क्रिया होऊन हायड्रॉक्सिल मूलके, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी जहाल द्रव्ये तयार होतात. अंधारातही विरघळलेले झिंक आयन थोडेफार काम करतात. संमिश्रात पॉलिमर दृश्य प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन ऑक्साइडकडे सोपवू शकते. दोघांना एकत्र आणण्यामागचे खरे आकर्षण हेच.

खरी गफलत चाचणीत होते. ३७ अंशांवरचा इनक्युबेटर आतून अंधारा असतो आणि अगारवर ठेवलेल्या नमुन्याच्या चकतीभोवतीचे, जीवाणू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ फक्त पाझरणाऱ्या द्रव्यामुळे उमटते. त्यामुळे मोठे वर्तुळ पाहून 'प्रकाशउत्प्रेरक परिणाम' (म्हणजे प्रकाशाने घडवलेल्या क्रियेचा परिणाम) असा निष्कर्ष लिहिणे मला धाडसाचे वाटते. प्रकाशाचा परिणाम दाखवायचा असेल, तर उजेडातील आणि अंधारातील नमुन्यांवर वाढलेल्या जीवाणूंच्या वसाहती मोजाव्या लागतात. त्यातच ॲनिलीनचे बहुलकीकरण (रेणू जोडून पॉलिॲनिलीनची साखळी बनवणे) बहुधा हायड्रोक्लोरिक आम्लात केले जाते आणि त्यात झिंक ऑक्साइड विरघळून झिंक क्लोराइड बनते. म्हणून नुसते आम्ल आणि नुसते झिंक क्लोराइड लावलेल्या चकत्याही त्याच थाळीत ठेवाव्यात.