सोलर प्लेट आधी बॅटरीसाठीच आली

विदर्भात हरभऱ्याच्या शेताला तारेचं कुंपण दिसलं, की कोपऱ्यातल्या खांबावर छोटी सोलर प्लेट आणि तिच्याखाली पेटीत बारा व्होल्टची बॅटरी असणार, हे ठरलेलं. हे झटका मशीन. रोही (नीलगायी) आणि रानडुकरं येतात रात्री, तेव्हा तारेत झटका सोडते ती बॅटरी. प्लेटने दिवसभरात ती पुन्हा भरून ठेवायची. बऱ्याच जणांना हे सोलरचं किरकोळ काम वाटतं. मला ते तिचं मूळचं काम वाटतं, कारण तिचा जन्मच बॅटरीच्या अडचणीतून झाला.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये डॅरिल चॅपिन यांच्यापुढे टेलिफोनचा प्रश्न होता. उष्ण, दमट मुलखात, जिथे वीज पोचलेली नाही तिथे, कोरड्या बॅटऱ्या लवकर खराब होत. चॅपिन यांनी आधी उन्हातून वीज करणारे सेलेनियमचे सेल तपासले. त्यांतून उन्हाच्या एक टक्काही वीज मिळेना. मग कॅल्विन फुलर आणि जेराल्ड पीअर्सन यांच्यासोबत त्यांनी सिलिकॉनचा सेल केला. एप्रिल १९५४मध्ये तो जगापुढे आला, तेव्हा त्याची क्षमता सुमारे ६ टक्के होती. नावही ठेवलं ‘बेल सोलर बॅटरी’. ऑक्टोबर १९५५मध्ये जॉर्जिया राज्यातल्या अमेरिकस गावी टेलिफोनच्या खांबावर ४३२ सेलची चौकट चढवली. दिवसा उरलेली वीज बॅटरीत जायची, रात्री लाइन त्या बॅटरीवर चालायची. प्रयोग साधला, पण सिलिकॉनचा खर्च परवडला नाही.

ज्यांना खर्चाची फिकीर नव्हती, त्या उपग्रहवाल्यांनी हा सेल उचलला. मार्च १९५८मध्ये सोडलेल्या व्हॅनगार्ड-१ उपग्रहातला बॅटरीवरचा ट्रान्समीटर काही महिन्यांत बंद पडला. सोलर सेलवरचा १९६४पर्यंत बोलत राहिला. १९५९च्या एक्सप्लोरर-६ वर तर बॅटऱ्या भरण्यासाठीच सुमारे ८,००० सेल होते.

जमिनीवर स्वस्ताई आली ती अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ एलियट बर्मन यांच्यामुळे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी वॅटमागे सुमारे १०० डॉलरचा भाव २० डॉलरवर आणला. पहिलं मोठं गिऱ्हाईक मिळालं मेक्सिकोच्या आखातात, तेलविहिरींच्या फलाटांवर. तिथले इशाऱ्याचे दिवे आणि भोंगे अवजड बॅटऱ्यांवर चालत आणि त्या बदलायला बोटीने जावं लागे. छोट्या प्लेटने ती खेप वाचवली. भारतात साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेडने १९७७मध्ये देशातला पहिला सोलर सेल बनवला, पुढच्या वर्षी पॅनेल.

‘बारा व्होल्टच्या’ जुन्या धाटणीच्या प्लेटवरचे सेल एकदा मोजून बघा. बहुधा ३६ भरतील. एका सेलचे साधारण अर्धा व्होल्ट, म्हणजे एकूण १८. बारा व्होल्टच्या बॅटरीला एवढे कशाला? बॅटरी पूर्ण भरायला चौदाच्या वर व्होल्टेज लागतं, आणि प्लेट तापली की तिचं व्होल्टेज उतरतं. मे महिन्यात प्लेटला हात लावला तर चटका बसतो. अशी ६५ अंशांना तापलेली प्लेट तीनेक व्होल्ट गमावते, थोडे डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) खातो, आणि उरतं ते बॅटरीला जेमतेम पुरतं. प्लेटचं माप बॅटरीने ठरवलं, ते असं.

अशी छोटी प्लेट उभ्या गाडीची बॅटरीही वाचवते. ती बॅटरी का बसते, याचंही गणित सोपं आहे. घड्याळ आणि लॉकची सर्किटं मिळून समजा ३० मिलिअँपिअर घेतात. दिवसाला पाऊण अँपिअर-तास गेला. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी महिनाभरात अर्ध्याखाली येते. तशीच उपाशी राहिली, की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात आणि नंतर कितीही चार्ज केली तरी ती पूर्वीसारखी भरत नाही. पाच वॅटची प्लेट चांगल्या उन्हात पाव अँपिअर देते. चार-पाच तासांत दिवसाची तूट भरून थोडं शिल्लक राहतं.

डायोड मात्र हवाच, नाहीतर रात्री बॅटरीतलीच वीज उलटी प्लेटमध्ये झिरपते. प्लेट बॅटरीच्या मानाने मोठी असेल तर बॅटरी भरली की चार्जिंग आवरणारा चार्ज कंट्रोलरही हवा. तो नसला की बॅटरीतलं पाणी आटतं. आणि खांबावरची प्लेट आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसायची, सकाळी, काच थंड असताना. कापणीच्या दिवसांत धूळ बसते, वर कावळ्याची शीट पडते. सगळे सेल एका माळेत असतात, त्यामुळे दोन सेल झाकले गेले तरी अख्ख्या प्लेटचा करंट मंदावतो.